वऱ्हाडातील मुलांच्या हिशेबाची परीक्षा

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी सूचना संपादकमंडळाने केली तेव्हा आमच्यापुढे प्रथम थोर पुरुषांची चरित्रे आणि देवस्थानांच्या हकिकती उभ्या राहिल्या. परंतु ह्या विषयांवर आपल्या स्मरणिकेत अधिकारी व्यक्तींनी पूर्वीच लिहिलेले आहे. दरवर्षी संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. गणितात शंभरापैकी शंभर गुण मिळविणाऱ्या मुलामुलींची नावे पुकारली जातात, टाळ्या पडतात, आणि मागच्या रांगेत बसलेली काही मुले खाली मान घालून चटईच्या काड्या मोडीत असतात. त्या मुलांकडे पाहता पाहता आमच्या मनात आले की, वऱ्हाडातील लहान मुलांच्या हिशेबाची परीक्षा कोणी, केव्हापासून आणि कशासाठी घेतली, ह्याचा इतिहास एकदा मांडावा. विषय पोरवयाचा वाटण्याचा संभव आहे. पण ज्या प्रांताचे दैव पिढ्यान्‌पिढ्या कापसाच्या भावावर आणि सावकाराच्या वहीवर टांगलेले होते, तेथे हातच्याची वजाबाकी येणे किंवा न येणे हा केवळ शाळेपुरता प्रश्न कधीच नव्हता.

इंग्रजी शिक्षणखाते येण्यापूर्वी मराठी मुलखात इतरत्र होत्या तशाच पंतोजींच्या शाळा वऱ्हाडातही होत्या. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत मुले बसत. धूळपाटीवर बोटाने अंक गिरवावयाचे, एकापासून शंभरापर्यंतची उजळणी म्हणावयाची, आणि मग पाढे. हे पाढे आजच्यासारखे पूर्णांकांचेच नव्हते. तिसापर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी चढण असे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा पाठ असलेली माणसे आम्ही स्वतः पाहिली आहेत. लेखनातही ह्या अपूर्णांकांची सोय होती: एकापुढे एक उभी रेघ ओढली की सव्वा, दोन ओढल्या की दीड, तीन ओढल्या की पावणेदोन. छेद नाही, अंश नाही, दशांशचिन्ह नाही. दिवेलागणीला देवापुढे हात जोडून परवचा म्हणावयाचा, आणि ओसरीवर आलेला कोणीही वडीलधारा मध्येच हटकून विचारी, 'सतरा पाऊणे किती?' पावणेतेरा असे उत्तर आले की स्वारी पुढे चाले. न आले तर परवचा पहिल्यापासून. परीक्षा म्हणतात ती हीच होती. तिला वेळापत्रक नव्हते, गुणपत्रक नव्हते, आणि ती घेण्यास सनद लागत नव्हती.

ह्या पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. तेथे छडी होती, अर्थ न समजता घोकंपट्टी होती, आणि मुख्य म्हणजे तेथे सर्वांना प्रवेश नव्हता. कुलकर्ण्याचा मुलगा, वाण्याचा मुलगा, देशमुख-पाटलाचा मुलगा तेथे बसे; ज्याचे शेत त्या कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि ज्याचे देणे त्या वाण्याच्या वहीत, त्याचा मुलगा बहुधा गुरांमागे असे. मुलींचे तर नावच नको. हिशेब करणारे आणि हिशेब ऐकून घेणारे अशी समाजाची विभागणी येथूनच पक्की होत गेली.

पाढ्यांत अडीचकीला इतके महत्त्व का, ह्याचे उत्तर बाजारात होते. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. चाळिसास सोळाने भागले की अडीच येतात. म्हणून दुकानदाराची गुरुकिल्ली अशी की, मणाला जितके रुपये तितकेच आणे अडीच शेरांना. ज्वारी सहा रुपये मण असेल तर अडीच शेर ज्वारी सहा आण्यांची. पाच शेर बारा आण्यांची. कागदाला हात लावण्याचे कारणच नाही. हे ज्याला ठाऊक तो तराजूच्या अलीकडे असो की पलीकडे, त्याला फसविणे कठीण. ज्याला ठाऊक नाही त्याने दुकानदाराच्या ओठांकडे पाहावयाचे.

व्याजाचे गणित ह्याहून कडू होते. रुपयास दरमहा एक पैसा हा दर कानाला अगदी किरकोळ वाटतो. पण जुन्या रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे बारा महिन्यांत बारा चौसष्टांश, शेकडा पावणेएकोणीस रुपये. आणि रुपयास दरमहा एक आणा म्हटले तर शेकडा पंचाहत्तर! 'महिन्याला एक आणाच तर द्यायचा' असे म्हणून अंगठा उठविणाऱ्याच्या ध्यानात हे येत नसे की, सोळा महिन्यांत तो मुद्दलाइतके व्याज मोजणार आहे आणि मुद्दल जागच्या जागीच राहणार आहे. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मुंबईहून आलेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ साली नागपुरास पोहोचला. १८७० साली खामगावच्या कापूसबाजारालाही रूळ जोडले गेले. पैसा खेळू लागला तसे कर्जही खेळू लागले. भाव चढला असता काढलेले कर्ज भाव उतरल्यावर फेडावयाचे, हा व्यवहार समजण्यास त्रैराशिक पुरे होते. पण ते त्रैराशिक शेतकऱ्याला कोणी शिकविले नव्हते.

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. बालपण मामांकडे, मूर्तिजापुराजवळच्या दापुऱ्यास गेले. मामांची चांगली पिकती जमीन सावकारी कागदात कशी अडकली, हे त्यांच्या चरित्रांतून वऱ्हाडातील घरोघरी पोहोचलेले आहे. बाबा स्वतः निरक्षर होते. पुढे जन्मभर कीर्तनातून त्यांनी मुलांना शाळेत घालण्याविषयी जो आक्रोश केला, त्याच्या मुळाशी हा घरचा अनुभव होता, असे आम्हांस वाटते. (त्या निरक्षर पुरुषाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, ही गोष्ट आमच्या पिढीस अजून अंगावर रोमांच आणणारी आहे.)

आता शिक्षणखात्याकडे वळू. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि १८६६ च्या सुमारास येथे स्वतंत्र शिक्षणखाते उभे राहिले. रावबहादूर विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांच्यासारखे विद्वान गृहस्थ ह्याच खात्यात चढत चढत प्रमुखपदी गेले. १९०७ च्या पुणे येथील ग्रंथकार संमेलनाचे अध्यक्ष ते हेच. गावोगावच्या मराठी शाळा तपासण्यासाठी खात्याचे डिप्टी फिरू लागले. डिप्टीसाहेबांचा दमणीतला प्रवास, त्यांच्यासाठी झाडलेले अंगण, टाकलेले सडे आणि थरथर कापणारे गुरुजी ह्यांच्या कथा जुन्या माणसांकडून कोणी ऐकल्या नाहीत? पहिल्या इयत्तेस अंकलेखन, दुसरीस बेरीज-वजाबाकी, वरच्या इयत्तांना गुणाकार, भागाकार आणि त्रैराशिक; पाटीवर उत्तर लिहून पाटी उपडी ठेवावयाची, आणि साहेब रांगेतून पाट्या पाहत जाणार.

ह्या तपासणीमागे जी कल्पना होती तिचे मूळ विलायतेत आहे. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो ह्यांनी प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम लागू केले. परीक्षेस बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे शाळेस आठ शिलिंग मिळावयाचे. मात्र वाचन, लेखन किंवा अंकगणित ह्यांपैकी ज्या विषयात तो नापास होईल त्या प्रत्येक विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापावयाचे. पहिल्या पायरीच्या मुलाला वीसपर्यंतचे अंक ऐकून लिहिता यावेत आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी तोंडी करता यावी, इतके त्यात बारीक ठरविलेले होते. मुलाची वजाबाकी चुकली की शाळेच्या थैलीतून पैसे गेले! 'निकालावर पैसे' अशी ही पद्धत इकडेही अनेक प्रांतांत देशी शाळांच्या अनुदानासाठी लागू झाली. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे तिची भवति न भवति झाली. अखेर १९०४ साली लॉर्ड कर्झन ह्यांच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव काढून ती टाकून दिली. पण पद्धत गेली तरी तिने लावलेली सवय गेली नाही, हे पुढे दिसेलच.

ह्याच हंटर कमिशनला १८८२ च्या ऑक्टोबरात महात्मा जोतीराव फुले ह्यांनी आपले निवेदन दिले. रयतेच्या कराचा पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले कोरडी राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे सर्वश्रुत आहे. परंतु प्राथमिक शाळेत काय शिकवावे ह्याची जी यादी त्यांनी दिली, तीत मोडी व बालबोध लिहिण्यावाचण्याच्या शेजारीच हिशेब आहे, आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही आहे, ह्याकडे फारसे लक्ष जात नाही. मोडी कशाला? तर कर्जरोखे मोडीत असत. हिशेब कशाला? तर त्या रोख्यातले आकडे आपणांस तपासता यावेत. डिप्टीची परीक्षा शाळेचे माप घेण्यासाठी होती. जोतीरावांच्या मनातील परीक्षा मुलगा उद्या कोणासमोर बसणार आहे हे ओळखून होती.

आमचा स्वतःचा अनुभव येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्णाकाठच्या एका लहान गावी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. देश स्वतंत्र झाला होता, वऱ्हाड मुंबई राज्यात गेला होता, पण तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास गाव अजून डिप्टीच म्हणे. तपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी वर्गावरून नजर फिरविली आणि पाचसहा मुलांना सांगितले, 'उद्या तुम्ही येऊ नका. घरी वेचणी असेल ना?' त्यांत आमच्या शेजारी बसणारा एक मुलगा होता. त्याला सतराच्या पुढे मोजताना अडखळावयास होई. दुसऱ्या दिवशी वर्ग टवटवीत दिसला, सर्व पाट्या बरोबर निघाल्या आणि शेरा उत्तम पडला. तो मुलगा वेचणीस गेला तो पुढे शाळेत आलाच नाही. गुरुजी वाईट होते असे नव्हे. आम्हांस जे काही गणित आले ते त्यांच्याच कृपेने. परंतु ज्याची परीक्षा घ्यावयास हवी होती तो परीक्षेच्या दिवशी शेतात होता, ही गोष्ट आम्हांस आज इतक्या वर्षांनीही टोचते.

हे आमच्या एका गावापुरते नव्हते. १९२९ च्या हार्टाग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानचे आकडे तपासले, तेव्हा १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलामुलींपैकी १९२५-२६ साली चौथ्या इयत्तेत अवघी अठरा दिसली. म्हणजे चौथीची परीक्षा कितीही काटेकोर घेतली तरी ती ह्या अठरांचीच. उरलेल्या ब्याऐंशी मुलांना काय येते आणि काय येत नाही, हे विचारण्यास कोणीच गेले नाही. आणि ह्या ब्याऐंशींतलेच लोक पुढे कर्जदार झाले. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३४ साली सावकारांसंबंधी कायदा झाला. सावकाराने हिशेब नीट ठेवावा आणि ऋणकोस त्याचा उतारा द्यावा, असे बंधन त्यात होते. कायदा चांगलाच होता. पण उतारा हाती पडला तरी त्याचा ताळा कोण करणार?

मधल्या काळातील प्रयत्नांचा धावता उल्लेख पुरे. डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांनी आधी अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलात आणि मग १९३२ साली स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे खेड्यांतील मुलांना शाळेच्या पायरीपर्यंत आणले. बहुजनसमाजातील आपल्यासारख्या कितीतरी कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी त्यातून निघाली. १९३७ साली शेजारच्या वर्ध्यास महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. तीत गणित टकळीला बांधलेले होते: एकशे साठ तारांची लटी, चार लटींची म्हणजे सहाशे चाळीस तारांची गुंडी. मुलाने सूत काढावे, तार मोजावेत आणि मोजता मोजता गुणाकार-भागाकार शिकावा. कापसाच्या प्रांतात ह्याहून स्वाभाविक गणित कोणते? तरी ते येथे रुजले नाही. पालकांना टकळीची मजुरी दिसली, गणित दिसले नाही. आणि मुलाने पुन्हा कापसाशीच बसावे ह्यासाठी त्याला शाळेत धाडलेले नाही, असे ते म्हणत. त्यांचेही चूक म्हणवत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि पुढील वर्षापासून टप्प्याटप्प्याने किलो, मीटर, लिटर आले. औटकी आणि पाऊणकी ह्यांचे तेच मरण. आरंभीचा गोंधळ मोठा मजेचा होता. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैसा कोठून आणणार? म्हणून एका आण्यास सहा, दोहोंस बारा, तिहींस एकोणीस आणि चार आण्यांस पंचवीस असा तक्ता दुकानोदुकानी लागला. जो रुपया एकदम मोडी त्यास शंभर नवे पैसे मिळत. जो एकेक आणा सोळा वेळा मोडी त्यास शहाण्णवच. चार पैसे कोठे गेले, हा प्रश्न आमच्या आजीने दुकानदारास विचारला होता. आजी कधी शाळेत गेली नव्हती. नव्या मापांनी एक उपकार मात्र केला: अडीच शेरांच्या गुरुकिल्लीच्या जागी त्याहून सोपी किल्ली आली. क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे. शंभरास शंभरच असल्यामुळे ही किल्ली हाती यावयास पाढा लागत नाही. लागते ती फक्त संख्येची जागा ओळखण्याची दृष्टी. आणि नेमकी तीच आज अनेक मुलांपाशी नाही.

ह्या ठिकाणी आपल्या भाषेचाही थोडा दोष पदरात घेतला पाहिजे. बासष्ट म्हणताना आपण दोन आधी उच्चारतो आणि साठ मागून; लिहिताना मात्र सहा आधी. एकोणतीस म्हटले की मुलाच्या कानावर तीस पडतात, आणि लिहावयाचे असतात दोनावर नऊ. बरे, नियम म्हणून एकोणऐंशी आणि एकोणनव्वद शिकवावे, तर नव्याण्णवाला तो नियम अचानक सोडून जातो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टाच्या जोडीला 'साठ दोन' अशी वाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले हे वाचकांस स्मरत असेल. मराठीचा घात झाला, असे लोक म्हणाले. गणिततज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी शांतपणे सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत. जोडाक्षरी संख्यानामांत अडखळणाऱ्या मुलांसाठी ही एक पायरी आहे. आम्हीही आरंभी नाक मुरडणाऱ्यांतलेच होतो. पण सतराच्या पुढे अडखळणारा तो आमचा शेजारी आठवला आणि आम्ही गप्प बसलो.

अलीकडील परीक्षांत आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती 'असर' ह्या नावाने २००५ पासून ग्रामीण भागात होणारी पाहणी. 'प्रथम' संस्थेच्या प्रेरणेने चालणाऱ्या ह्या पाहणीत स्वयंसेवक शाळेत न जाता घरी जातात, पाच ते सोळा वर्षांच्या मुलाला अंगणात बसवितात आणि एकेकट्याला विचारतात. मूल शाळेत जाते की नाही, कोणत्या शाळेत जाते, तपासणीच्या दिवशी हजर होते की नाही, ह्याने काही बिघडत नाही. वेचणीस पाठवून लपविण्याची सोय त्यात नाही. प्रश्नही चारच पायऱ्यांचे: एकअंकी संख्या ओळख, दोनअंकी संख्या ओळख, हातच्याची वजाबाकी कर, तीनअंकी संख्येला एकअंकी संख्येने भाग. ओसरीवरच्या परवच्याचीच ही सुधारून वाढविलेली आवृत्ती म्हणावी. तिचे संपूर्ण देशाचे आकडे असे: पाचवीतील ज्या मुलांना तो भागाकार आला ती २०१८ साली शेकडा २७.९, महामारीनंतर २०२२ साली २५.६ आणि २०२४ साली ३०.७. चढण आहे, पण पाचवीच्या दहांपैकी जवळजवळ सात मुले अजून त्या भागाकाराच्या अलीकडेच उभी आहेत.

सरकारनेही हात जोडून बसून राहिले असे नाही. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला आणि जिल्हा परिषदांच्या शाळांत पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०१७ आणि २०२१ साली देशव्यापी संपादणूक सर्वेक्षणे झाली. २०२१ च्या जुलैमध्ये 'निपुण भारत' आले आणि तिसरीअखेर प्रत्येक मुलास ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहितावाचता याव्यात असे उद्दिष्ट ठरले. चाचण्या उदंड झाल्या. परंतु कित्येक शिक्षकमित्रांशी बोलताना असे कळते की, चाचणीनंतरचा वेळ मूल कोठे अडले हे पाहण्यापेक्षा गुण तक्त्यांत भरण्यातच अधिक जातो. रॉबर्ट लो साहेब इतक्या दूर येऊन इतकी वर्षे टिकतील, असे त्यांनाही वाटले नसेल.

वास्तविक एका पाटीवरूनही पुष्कळ वाचता येते. त्रेचाळिसांतून अठरा वजा करावयाचे आहेत. एका मुलाने पस्तीस लिहिले. चूक, म्हणून फुली मारून पुढे जाता येईल. पण पस्तीस आले कोठून? तिनातून आठ जात नाहीत म्हणून त्याने आठांतून तीन काढले, पाच लिहिले. मग चारातून एक काढून तीन लिहिले. म्हणजे त्याला वजाबाकी येते. 'मोठ्यातून लहान काढावे' हा नियमही त्याने पाळला. त्याला येत नाही ते एवढेच की, त्रेचाळिसातला चार म्हणजे चार दशक आहेत आणि त्यांतला एक दशक सुटा करून दहा एकक मिळविता येतात. दुसऱ्या मुलाने सव्वीस लिहिले. त्याने दशक बरोबर सोडला, केवळ मोजताना एक चुकला. दोघांनाही शून्यच गुण. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे देऊन आठवडाभर बसविले पाहिजे, दुसऱ्याला नुसते 'पुन्हा पाहा' म्हणणे पुरे. तक्त्यात मात्र दोघे एकाच रकान्यात.

मेळघाटाचा प्रश्न ह्याहून निराळा. धारणी-चिखलदऱ्याकडे घरची भाषा कोरकू. तेथील मुलापुढे मराठीत प्रश्न टाकला आणि ते गप्प राहिले, तर त्याला गणित येत नाही की प्रश्न कळला नाही, हे परीक्षकास कसे समजावे? कोरकू जाणणारा शिक्षक वर्गात असला की हा गुंता सुटतो, नसला की ती भाषेचीच परीक्षा ठरते आणि गुण गणिताच्या रकान्यात पडतात.

आणखी एका शोधाची हकीकत सांगून हे लांबलेले लिखाण आटोपते घेतो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' ह्या विख्यात शास्त्रीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिकविजेते त्याच्या लेखकांत आहेत. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत भाजी व किरकोळ माल विकणाऱ्या मुलांकडे हे लोक गिऱ्हाईक बनून गेले. अडनिडे वजन, अडनिडा भाव, आणि वरून मोड मागितली. बहुतेक मुलांनी तोंडी, झटकन, बरोबर हिशेब दिला. मग त्याच मुलांना तशीच उदाहरणे शाळेच्या रीतीने कागदावर दिली, तेव्हा ती गडबडली. उलट ज्या शाळकरी मुलांना कागदावरचे उदाहरण सुटत होते त्यांना बाजारातला हिशेब जमेना. दोन्हीकडे गणित आहे, मध्ये पूल नाही. ब्राझीलमधील रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांविषयी १९८५ सालीच असेच आढळले होते. आमच्या आजीस हे ऐकविले असते तर ती म्हणाली असती, ह्यासाठी इतक्या दूर कशाला गेलात?

गेल्या दिवाळीस घरी नातवंडे जमली होती. जेवणे झाल्यावर आम्ही एक जुनी पाटी काढली आणि तिसरीतल्या नातवापुढे वर सांगितलेलेच उदाहरण ठेवले. त्याने जीभ दातांत धरून पस्तीस लिहिले. आम्ही काही बोललो नाही. स्वयंपाकघरातून त्याची आजी म्हणाली, 'बाळा, त्रेचाळीस रुपये घेऊन दुकानात गेलास, अठराची मिरची आणलीस, मला परत किती देशील?' तो क्षणभरही न थांबता म्हणाला, 'पंचवीस.' कसे काढलेस विचारता म्हणाला, 'अठराला दोन टाकले की वीस, मग तेवीस उरतात. तेवीस न् दोन पंचवीस.' आम्ही पाटी पुन्हा त्याच्यापुढे सरकविली. तो बराच वेळ पाहत राहिला. पस्तीस पुसले नाही. शेजारी पंचवीस लिहिले आणि विचारले, 'आबाजी, शाळेत याच्यातलं कोणतं लिहू?'